मालकाचं शेत आणि होतकरू गडी

'होतकरू' हा शब्द वरवर फार साळसूद आहे. अमुक पोरगा होतकरू आहे, असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला वाटतं, पोराच्या अंगातल्या गुणाबद्दल बोलणं चाललंय. पण जरा थांबून विचारा. हे म्हणणारा कोण? तो कुठं बसून बघतोय? त्याच्या हातात काय आहे, चाबूक की चेकबुक? ज्याच्याकडे त्यानं बघितलंच नाही, त्याच्या अंगातला गुण कुठं गेला? तो काय वाफ होऊन उडाला?

अमेरिकेतल्या बेसबॉलचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. बेसबॉल आपला खेळ नाही, हे कबूल. आपल्या वस्तीत तो कुणी खेळत नाही. पण तो ज्यांना खेळू दिला नाही, त्या माणसांशी आपलं नातं जुनं आहे. १९४६ सालच्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि काळ्यांनी राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. महिनाअखेरीला ड्यू बॉइस यांचं उत्तर आलं. त्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या मॉन्ट्रिअल शहरात जॅकी रॉबिन्सन नावाचा एक काळा तरुण, साठ वर्षं बंद असलेल्या दारातून आत शिरून खेळत होता. ते दार कुणी बंद केलं, कुणी उघडलं, आणि उघडताना त्याची किंमत कुणाकडून वसूल केली, हे आपल्या तरुणांनी समजून घेतलं पाहिजे.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते बघू. वर मेजर लीग, म्हणजे मोठे संघ, मोठी मैदानं, मोठा पैसा. खाली मायनर लीग, म्हणजे छोट्या गावांतले संघ. त्यातही पायऱ्या. १९४६ साली सर्वांत वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, ए, बी, सी, आणि तळाला डी. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा तळाला घालायचा. जमलं तर एकेक पायरी वर. नाही जमलं तर घरी. उतरंडच म्हणा ना! फरक एवढाच की कागदावर तरी वर चढायची सोय होती. अर्थात गोऱ्यांसाठी.

पूर्वी हे छोटे संघ स्वतंत्र होते. ते पोरं तयार करायचे आणि मोठ्या संघांना विकायचे. श्रीमंत संघ चांगला माल उचलायचे. सेंट लुईस कार्डिनल्स हा तेव्हा कडका संघ. त्याचा कारभारी ब्रँच रिकी यानं हिशेब घातला : पीक बाजारात विकत घ्यायला पैसा नाही ना, मग शेतच विकत घेऊ. १९१९ नंतर त्यानं फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन अशा गावांतल्या संघांत मालकीचे वाटे घ्यायला सुरुवात केली. शेकडो पोरं स्वस्तात गोळा करायची, पेरायची, निंदणी करायची, उगवेल ते कापून वर न्यायचं. गरजेपेक्षा जास्त उगवलं तर इतर संघांना विकायचं. त्या विक्रीत रिकीचाही वाटा असे. या पद्धतीला नाव पडलं 'फार्म सिस्टिम'. शेतीच! १९४० च्या सुमाराला कार्डिनल्सकडे तीसहून जास्त संघ होते आणि सहाशेच्या वर खेळाडू. १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ अशा चार वर्ल्ड सिरीज याच शेतातल्या पिकावर जिंकल्या गेल्या.

आता शेत म्हटलं की गडी आला. आपल्याकडे सालगडी असतो. उचल घेतली की वर्षभर बांधला गेला. बेसबॉलचा गडी वर्षाचा नव्हता, जन्माचा होता. खेळाडूच्या करारात एक 'राखीव कलम' असे. राखीव म्हटलं की आपल्याला राखीव जागा आठवते. इथं जागा राखीव नव्हती, माणूसच राखीव होता. करार संपला तरी खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नसे. मालक त्याला विकू शके, बदलू शके, तळाच्या गावात कुजवत ठेवू शके. खेळाडूच्या हातात एकच : खेळायचं किंवा खेळ सोडायचा. १९२२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागत नाही. म्हंजे कायद्यानंच कुंपण घालून दिलं.

लोक रिकीच्या या शेतीला 'चेन गँग' म्हणत. साखळदंडातल्या कैद्यांची टोळी. बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी जज्ज लँडिस यालाही ही पद्धत खुपत होती. १९३८ साली त्यानं कार्डिनल्सचे सत्तरहून जास्त खेळाडू एका हुकमानं मोकळे केले. १९४० साली डेट्रॉइटचे नव्वदच्या वर सोडले. वाचणाऱ्याला वाटेल, केवढा न्यायी माणूस! पण हा न्यायी माणूस १९२० पासून १९४४ साली मरेपर्यंत त्या खुर्चीवर होता, आणि त्या चोवीस वर्षांत एकही काळा खेळाडू मोठ्या मैदानावर आला नाही. साखळदंड त्याला दिसला. पण ज्यांना त्या साखळीत उभं राहायचीही परवानगी नव्हती, ते त्याला दिसले नाहीत. प्रस्थापितांतल्या सुधारकाची नजर कुठपर्यंत जाते आणि कुठं थांबते, ते इथं बघून ठेवा.

काळे कधी नव्हतेच का? होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ साली टोलिडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला. १८८७ साली तो इंटरनॅशनल लीग या मायनर लीगमध्ये नेवार्कच्या संघात होता. जॉर्ज स्टोव्ही हा काळा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याच्याच संघात. १४ जुलै १८८७ रोजी शिकागोचा संघ नेवार्कला सामना खेळायला आला. त्याचा नायक कॅप अॅन्सन म्हणाला, काळे असतील तर आम्ही उतरणार नाही. स्टोव्हीला बाहेर बसावं लागलं. त्याच दिवशी त्या लीगच्या संचालकांनी सहा विरुद्ध चार मतांनी ठराव केला की यापुढे काळ्यांशी नवे करार नाहीत. वॉकर १८८९ पर्यंत टिकला. त्याच्यामागे दार बंद. पुढं सगळीकडे बंद. आणि गंमत बघा, मोठ्या लीगमध्ये असा कुठलाच लेखी कायदा नव्हता. 'सभ्य गृहस्थांचा समजूतदारपणा' म्हणत त्याला. लिहिलेला कायदा जाळता तरी येतो. न लिहिलेला कशानं जाळणार?

मग काळ्यांनी आपलं मैदान आपण केलं. १९२० साली कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यानं निग्रो नॅशनल लीग उभी केली. सॅचेल पेजसारखा पिचर, जॉश गिब्सनसारखा फटके मारणारा, रे डँड्रिजसारखा क्षेत्ररक्षक तिथं घडले. ज्यांच्या गावात जेवायला हॉटेल मिळत नव्हतं, त्या गावात हे लोक बसमध्ये झोपून दुसऱ्या दिवशी खेळत. गोऱ्यांच्या स्काउटांना, म्हणजे होतकरू पोरं हेरत हिंडणाऱ्या माणसांना, हे दिसत नव्हतं असं नाही. मोकळ्या हंगामात गोरे-काळे एकमेकांविरुद्ध खेळत आणि काळे जिंकतही. दिसत सगळं होतं. नोंदायचं नव्हतं.

नोंदलं कुणी? काळ्यांच्या छोट्या वर्तमानपत्रांनी. 'पिट्सबर्ग कुरिअर'चा वेंडेल स्मिथ, बाल्टिमोरचा सॅम लेसी. आणि १९३६ पासून 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट पत्राचा लेस्टर रॉडनी. स्मिथला गोऱ्या पत्रकारांच्या कक्षात जागा नव्हती. पण काळ्यांचा खरा स्काउट तोच. १६ एप्रिल १९४५ रोजी बॉस्टन रेड सॉक्सला त्यानं तीन काळ्या खेळाडूंची चाचणी घ्यायला लावली. त्यात जॅकी रॉबिन्सन होता. चाचणी झाली, करार झाला नाही. मग स्मिथनं रॉबिन्सनचं नाव रिकीकडे नेलं. रिकी आता ब्रुकलिन डॉजर्सचा कारभारी झाला होता.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकीनं रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या कचेरीत बोलावलं. रॉबिन्सन काळ्यांतला सर्वांत चांगला खेळाडू होता म्हणून निवडला, असं नाही. तो कॉलेजात शिकलेला, लष्करात लेफ्टनंट झालेला, दारू न पिणारा. १९४४ साली लष्करी बसमध्ये मागं जाऊन बसायला त्यानं नकार दिला म्हणून त्याच्यावर खटला भरला होता, त्यातून तो निर्दोष सुटला होता. रिकीनं त्याला अट घातली : शिव्या पडतील, अंगावर चेंडू येतील, उलट उत्तर द्यायचं नाही. म्हणजे हाताच्या ताकदीबरोबर सोसायची ताकदही मोजली गेली. गोऱ्या पोराला ही परीक्षा कुणी घेतली नव्हती.

पगार महिना ६०० डॉलर, सही केल्याचे ३५०० डॉलर. आणि ज्या काळ्या संघानं त्याला खेळवलं, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला रिकीनं काय दिलं? शून्य. म्हणाला, तुमचे करार करारच नव्हेत. नेवार्क ईगल्सची मालकीण एफा मॅन्ली या प्रकाराविरुद्ध उघड बोलली. तिचा डॉन न्यूकम रिकीनं असाच फुकट उचलला. पुढे १९४७ साली लॅरी डोबीसाठी क्लीव्हलंडकडून तिनं पंधरा हजार डॉलर वसूल केले, तेव्हा कुठं काळ्या संघाच्या घामाला भाव आला. तरीही १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग मोडली. चांगली पोरं गेली, प्रेक्षकही त्यांच्यामागं गेले. काळे मालक, काळे पंच, काळे मॅनेजर यांना मात्र पलीकडून कुणी बोलावलं नाही. दार माणसांना उघडलं, संस्थेला नाही. एकेकटा आत जातो आणि मागं वस्ती रिकामी होते, हे दुखणं ओळखीचं वाटतं का?

पण म्हणून १९४६ चं मोल कमी होत नाही. रिकीनं रॉबिन्सनला आधी शेतात घातला, मॉन्ट्रिअल रॉयल्स या ट्रिपल-ए संघात. वसंतातल्या सरावासाठी संघ फ्लॉरिडात गेला. सॅनफर्ड गावातून त्याला धमकी आल्यानं निघावं लागलं. जॅक्सनव्हिलला मैदानाला कुलूप. डीलँडला सामना रद्द. कारण सांगितलं, दिवे बिघडलेत. सामना दुपारचा होता! मॅनेजर क्ले हॉपर मिसिसिपीचा. काळा खरंच माणूस असतो का, असं त्यानं रिकीला विचारलं, असं सांगतात. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत पहिला सामना झाला. रॉबिन्सननं पाच संधींत चार यशस्वी फटके मारले, त्यातला एक तीन धावांचा होमरन. दोन बेस चोरले. मॉन्ट्रिअल १४-१ असं जिंकलं. ही लीग कुठली? इंटरनॅशनल लीग. १८८७ साली ठराव करून दार लावणारी तीच.

त्या हंगामात त्याची सरासरी .३४९, लीगमध्ये पहिली. दहा संधींत तीन यशस्वी फटके म्हणजे .३००, तेवढं जमलं तरी खेळाडू चांगला गणतात. शेवटी मॉन्ट्रिअलनं लुइव्हिलला हरवून लिटल वर्ल्ड सिरीज जिंकली आणि गोऱ्यांचा जमाव आनंदानं त्याच्यामागं धावला. एका पत्रकारानं तेव्हाच टिपलं की काळ्यामागं गोरा जमाव धावतोय आणि मारायला धावत नाहीये, हे नवलच. हॉपरनं जाताना त्याचा हात हातात घेतला. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मोठ्या मैदानावर उतरला.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्याच वर्षी त्याच मालकाच्या शेतात आणखी चार काळे होते. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआत, बी वर्गात, रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम. कॅम्पानेला पुढे १९५१, १९५३ आणि १९५५ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, न्यूकम १९५६ साली. दोघांची नावं राहिली. उरलेले दोन पिचर, जॉन राइट आणि रॉय पार्टलो. दोघांनाही मॉन्ट्रिअलहून खाली, सी वर्गातल्या त्र्वा-रिव्हिएर गावात धाडलं आणि पुढं सोडून दिलं. राइट आपल्या जुन्या काळ्या संघात परतला. गोरा पिचर एका वर्षी पडला तर त्याला दुसरं वर्ष मिळे. काळ्याला पडायची मुभा नव्हती.

आणि पडलाच नाही तर? डँड्रिजचं ऐका. १९४९ साली न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला आपल्या मिनिआपोलिसच्या शेतात घातलं. पस्तिशी उलटत आलेली. त्यानं .३६० च्या वर सरासरी काढली. १९५० साली त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो. वर बोलावणं आलं नाही. १९५१ साली त्याच्याशेजारी वीस वर्षांचा विली मेज आला, ३५ सामन्यांत .४७७ मारून मे महिन्यात वर गेला. डँड्रिज तिथंच. मोठ्या मैदानावर एक पाऊल तरी ठेवायला मिळायला हवं होतं, असं तो पुढं म्हणे. १९८७ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मानाचा पुतळा द्यायला यांची ना नसते. ज्या वयात मैदान हवं असतं त्या वयात तेवढं मैदान मिळत नाही.

रेड सॉक्सचं शेत तर याहून नामी. १९५० साली त्यांनी पायपर डेव्हिस या काळ्या खेळाडूला स्क्रँटनच्या संघात घेतलं. पंधरा सामने, सरासरी .३३३. आणि आर्थिक कारण सांगून काढून टाकला. १९५९ साली पम्पसी ग्रीन सरावात चांगला खेळला, तर हंगामाच्या तोंडावर त्याला परत मिनिआपोलिसला पाठवला. बोंब झाली, चौकशी झाली, तेव्हा २१ जुलै १९५९ रोजी तो वर आला. सगळ्या मोठ्या संघांत शेवटचा हाच. 'लायक उमेदवार मिळत नाही' हे वाक्य तेव्हा इंग्रजीत बोललं जात होतं, एवढंच.

दक्षिणेतल्या शेतांत काय चाले? हँक अॅरन १९५३ साली जॅक्सनव्हिलकडून खेळला, लीगचा सर्वोत्तम ठरला, आणि संघ हॉटेलात जेवत असताना त्याचं जेवण वेगळं. कर्ट फ्लड १९५६ साली कॅरोलिना लीगमध्ये अठराव्या वर्षी .३४० सरासरीनं २९ होमरन मारत होता. त्यानं पुढं सांगितलंय की त्याचे घामेजलेले कपडे गोऱ्यांच्या कपड्यांत मिसळू देत नसत. नोकर ते काठीनं उचले आणि काळ्यांच्या धोब्याकडे धाडी. विटाळ या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही म्हणतात. काठी मात्र तीच आहे.

या फ्लडनं पुढं राखीव कलमालाच हात घातला. १९६९ साली कार्डिनल्सनं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा त्याचा पगार नव्वद हजार डॉलर होता. २४ डिसेंबर १९६९ च्या पत्रात त्यानं बेसबॉलच्या कमिशनरला कळवलं की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. लोक म्हणाले, एवढा पगार घेतोस आणि गुलामगिरीच्या गोष्टी करतोस? तो म्हणाला, पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. खटल्यात म्हातारपणाकडे झुकलेला, आजारी जॅकी रॉबिन्सन साक्ष द्यायला आला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७२ साली सुप्रीम कोर्टात फ्लड हरला. तीन वर्षांनी, १९७५ च्या डिसेंबरात, संघटनेनं लवादापुढं ते कलम मोडून काढलं. ज्यानं वाट पाडली त्याचा खेळ तोवर संपला होता.

पण ही मुक्ती वरच्या मजल्याची. १९९८ साली फ्लडच्या नावानं कायदा झाला, त्यातून मायनर लीगचे खेळाडू वगळले. त्याच्या नावाचा कायदा, आणि तो ज्या शेतातून आला तिथल्या पोरांनाच लागू नाही! २०१८ साली तर सरकारी खर्चाच्या बिलात कलम घुसवून त्यांचा ओव्हरटाइमचा हक्क काढून घेतला. तळाच्या पोराला वर्षाला ४,८०० डॉलर, ट्रिपल-एला १७,५००. होतकरू आहेस ना, मग कळ काढ! मालकांचं उत्तर हेच. शेवटी पोरं एकत्र आली. २०२२ साली १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली, त्याच सप्टेंबरात त्यांची युनियन मान्य झाली, आणि २०२३ च्या करारात तळाचा पगार १९,८०० वर, ट्रिपल-एचा ३५,८०० वर गेला. शंभर वर्षं जे स्काउटाच्या शेऱ्यानं, मालकाच्या दयेनं झालं नाही, ते संघटनेच्या सह्यांनी झालं.

आज शेताचा बांध सरकलाय. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मोठ्या संघांच्या अकादम्या आहेत, सोळा वर्षांच्या गरीब पोरांशी करार होतात. खुद्द अमेरिकेतले काळे २०२४ च्या हंगामारंभी मोठ्या संघांत सुमारे सहा टक्के उरले. स्वस्त जमीन कुठं मिळेल, हे शोधणं थांबलेलं नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या कामाची. २०२० च्या डिसेंबरात १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीगना 'मेजर लीग' म्हणून मान्यता मिळाली. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत वहीत शिरले, आणि जॉश गिब्सन .३७२ सरासरीनं सर्वांच्या वर जाऊन बसला. तो बिचारा १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरायच्या तीन महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी मेला होता. पण हे आकडे आले कुठून? मालकांच्या कपाटातून नव्हे. अभ्यासकांनी ते काळ्यांच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांतून एकेक सामना शोधून जुळवले. ज्या पत्रांना कुणी मोजत नव्हतं, त्यांतल्या बारीक टायपातल्या दोन ओळी सत्तर-ऐंशी वर्षांनी पुरावा म्हणून उभ्या राहिल्या.

म्हणून मित्रांनो, स्वतःला 'होतकरू' म्हणवून घ्यायची वाट बघत बसू नका. आपल्यातल्या पोरापोरींकडे आपणच बघा. कोण काय करतंय, कुठं, कधी, किती, ते तारीख घालून लिहा. स्टेन्सिल फाटली तर दुसरी कापा. आणि ज्याला आत जायला मिळालं, त्याला विचारत राहा : गड्या, तू गेलास हे बरं झालं, पण कराराचं कागद वाचलंस का? आणि आपल्या संघाला काय मिळालं?